अंगावर पिणारे मूल असताना दुसऱ्या बाळाचा विचार: दूध तोडावेच लागते का?

गोदातीर (धागाकर्ती)

नमस्कार. माझी मुलगी पावणेदोन वर्षांची आहे आणि अजून अंगावर पिते. मी कामावरून घरी आल्यावर, रात्री झोपताना आणि पहाटे एकदा, असा तिचा क्रम आहे. मधूनच रात्री जाग आली तर आणखी एकदा. वरचे जेवण ती व्यवस्थित घेते. माझी पाळी तिच्या पहिल्या वाढदिवसानंतर परत सुरू झाली, परंतु ती अजून पूर्वीसारखी वेळेवर येत नाही. माझे वय ३५ च्या पुढे गेले आहे, आम्हा दोघांनाही दुसरे मूल हवे आहे, आणि त्यासाठी फार थांबणे परवडणार नाही याची जाणीव आहे.

सासूबाईंचे म्हणणे असे, की दूध तोडल्याशिवाय दिवस राहणार नाहीत, आणि राहिलेच तर वरचे मूल पिऊन पिऊन पोटातल्या बाळाच्या वाट्याचे सत्त्व संपवेल. त्या काळजीपोटीच हे सांगतात, त्यामुळे त्यांना नुसते ‘तसे काही नसते’ म्हणून गप्प करणे मला योग्य वाटत नाही. ज्या डॉक्टरांना दाखवले त्यांनी ‘आधी दूध बंद करा, मग पाहू’ एवढेच सांगितले. मुलगी तर अंगावर घेतल्याशिवाय झोपत नाही. तिचे दूध तोडणे खरोखर आवश्यक आहे का, असल्यास कोणत्या परिस्थितीत, आणि नसल्यास मी कशाकडे लक्ष द्यावे, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. माझी पहिली प्रसूती नैसर्गिक झाली होती आणि त्यात कोणतीही गुंतागुंत नव्हती.

जाईजुई

माझा मोठा मुलगा सव्वा वर्षाचा असताना आणि दिवसरात्र अंगावर पीत असताना मला दुसऱ्यांदा दिवस राहिले, त्यामुळे ‘दूध तोडल्याशिवाय राहत नाहीत’ हे सर्वांना लागू होत नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकते. एक सूचना मात्र आवर्जून करते. पाळी अनियमित असेल तर ती चुकण्याची वाट पाहू नका. शंका आली की घरी लघवीची चाचणी करून घ्या. अंगावर पाजण्याने त्या चाचणीच्या निकालात काही फरक पडत नाही.

वाटसरू

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. येथे कोणाला तपासून सल्ला देता येत नाही, परंतु शरीरात काय घडते ते सविस्तर सांगितल्यास आपल्या डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत हे तरी स्पष्ट होईल.

बाळ स्तन चोखते तेव्हा तेथून निघालेले संदेश मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागापर्यंत पोहोचतात. एरवी हा भाग ठरावीक अंतराने स्पंदने देऊन पिट्युटरी ग्रंथीला एलएच हे संप्रेरक सोडायला लावतो आणि त्यामुळे बीजकोशात बीज पिकून बाहेर पडते. वारंवार चोखण्याने ही स्पंदने मंदावतात, बीज पिकत नाही आणि पाळी येत नाही. त्याच वेळी दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन वाढलेले असते, आणि ते रात्री अधिक असते. म्हणजे एकूण दूध किती निघाले यापेक्षा बाळ किती वेळा पिते, दोन पाजण्यांत सर्वांत मोठे अंतर किती पडते आणि रात्री पिणे चालू आहे का, या गोष्टी अधिक महत्त्वाच्या ठरतात. आफ्रिकेतील कालाहारी वाळवंटात राहणाऱ्या कुंग समाजाच्या मातांचा एक अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्या माता मुलाला तासाभरात अनेकदा, थोडा थोडा वेळ पाजत, आणि कोणतेही गर्भनिरोधक साधन न वापरताही त्यांच्या दोन मुलांमध्ये साधारण ४ वर्षांचे अंतर पडत असे.

याच यंत्रणेच्या आधारावर १९८८ मध्ये इटलीतील बेलाजिओ येथे तज्ज्ञांनी एक निष्कर्ष मांडला. बाळ ६ महिन्यांपेक्षा लहान आहे, ते जवळजवळ पूर्णपणे अंगावरच्या दुधावर आहे आणि आईची पाळी परत आलेली नाही, या तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण होत असतील तर गर्भधारणेपासून ९८ टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळते. यांपैकी एक जरी अट सुटली तरी ते संरक्षण गृहीत धरता येत नाही. धागाकर्तींच्या बाबतीत तिन्ही अटी केव्हाच सुटलेल्या आहेत: मुलगी मोठी आहे, जेवते आहे आणि पाळी आलेली आहे. त्यामुळे त्यांना दिवस राहूच शकत नाहीत, असे म्हणण्याला आधार नाही. उलट, उष्टावणानंतर पाजणे कमी होत जाते तेव्हा पुष्कळ स्त्रियांमध्ये पहिली पाळी येण्यापूर्वीच एक बीज बाहेर पडून गेलेले असते. जाईजुई यांचे उदाहरण त्यातलेच असावे.

पाळी परत आली म्हणजे सर्व काही पूर्ववत झाले, असेही नाही. सुरुवातीच्या काही चक्रांत बीज बाहेरच पडत नाही, किंवा पडले तरी त्यानंतरचा काळ आखूड राहतो. एरवी बीज सुटल्यापासून पुढच्या पाळीपर्यंत साधारण १२ ते १४ दिवस जातात. ते अंतर १० दिवसांपेक्षा कमी असेल तर गर्भ रुजण्यापूर्वीच गर्भाशयाचे अस्तर सुटू लागण्याची शक्यता असते. बहुतेकींमध्ये चक्रागणिक हे आपोआप सुधारते आणि त्यासाठी दूध पूर्ण बंद करावे लागत नाही.

आजोळ

मुली, तुझ्या सासूबाईंचे बोलणे मी आयुष्यभर ऐकत आले, कारण माझी सगळी नोकरी आरोग्यसेविका म्हणून सातारा जिल्ह्यातील उपकेंद्रांवर झाली. त्यांच्या म्हणण्यात एक दाणा खरा आहे आणि तो टाकून देऊ नये. पोटातले बाळ आईच्या रक्तातून घेते, वरचे मूल दुधातून घेते, आणि दोघांनाही देणारी आई एकच असते. आईचे ताट भरलेले असेल तर कोणाचे काही कमी होत नाही. मात्र ती आधीच फिकट पडलेली असेल, तर झीज सर्वांत आधी तिच्या अंगावर दिसते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे अर्ध्याहून अधिक! म्हणून दूध तोडायचे की नाही या वादाआधी हिमोग्लोबिन तपासून घे. घरी शाकाहार असेल तर बी-१२ सुद्धा पाहा, कारण ते आपल्याकडे फार जणींमध्ये कमी निघते आणि त्याची कमतरता अंगावर पिणाऱ्या मुलापर्यंतही पोहोचते.

फॉलिक अॅसिडची गोळी दिवस राहण्यापूर्वीच, निदान एक महिना आधी सुरू झालेली असावी. बाळाच्या मज्जारज्जूची नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटते आणि तोवर पुष्कळ जणींना आपल्याला दिवस गेले आहेत हेच ठाऊक नसते. रोज ४०० मायक्रोग्रॅम ही सर्वसाधारण मात्रा आहे; आधीच्या बाळाला तसा दोष असेल तर ती कितीतरी अधिक असते आणि डॉक्टरच ठरवतात.

खाण्याविषयी सांगायचे तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार गरोदरपणात रोजच्या ऊर्जेत ३५० किलोकॅलरींची भर हवी, आणि पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत ६००, पुढच्या सहा महिन्यांत ५२०. तुझी मुलगी आता जेवते आणि दिवसातून तीनचारदाच पिते, म्हणजे तुझ्यावरचा भार तेवढा उरलेला नाही. तरीही दुपारच्या जेवणात एक भाकरी, वाटीभर डाळ किंवा उसळ आणि पालेभाजी वाढव, आणि सर्वांचे उरकल्यावर उरलेले खायचे ही आपल्या घरांतली पद्धत मोड. सासूबाईंना हेच काम सांग. ज्यांना नातवंडांच्या वाट्याची काळजी आहे, त्या सुनेच्या ताटाची काळजी मनापासून घेतील.

आणखी एक विचारते. बाळंतपणानंतर दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन तू घेत होतीस का? ते बंद केल्यावर बीज पुन्हा सुटायला शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने लागू शकतात. तांबी काढली तर असा उशीर होत नाही. पाळी पुढेमागे होण्याचा दोष दुधावर टाकण्याआधी हे पाहावे.

गोदातीर

आजोळ, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला, आणि ताटाविषयीचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला. इंजेक्शन मी घेतलेले नाही. हिमोग्लोबिनची तपासणी या आठवड्यात करून घेते.

वाटसरू, बीज केव्हा सुटते हे मला घरी कसे ओळखता येईल? तापमान मोजण्याविषयी वाचले होते, परंतु रात्री दोनदा उठावे लागत असताना त्याचा उपयोग होतो का? शिवाय मागच्या भेटीत प्रोलॅक्टिनची तपासणी सुचवली होती, तीही करावी का?

वाटसरू

सकाळी उठण्यापूर्वीचे तापमान विश्वसनीय ठरण्यासाठी आधी काही तास सलग झोप लागते, त्यामुळे आपल्यासारख्या मातांना त्या आलेखातून हाती फारसे लागत नाही. योनिमार्गातील स्रावाकडे लक्ष ठेवणे अधिक उपयोगी पडते. बीज सुटण्याच्या सुमारास तो स्वच्छ, बुळबुळीत आणि ताणला जाणारा होतो, आणि नंतर लगेच घट्ट किंवा नाहीसा होतो. पाजत असताना शरीर कधी कधी दोनतीन वेळा तयारी करून थांबते, म्हणून असा स्राव एकाच चक्रात पुन्हा दिसला तर गोंधळून जाऊ नये. एलएच मोजणाऱ्या पट्ट्यांचेही तसेच आहे: पट्टी गडद झाली म्हणजे बीज सुटलेच, असे या काळात नेहमी म्हणता येत नाही. एक दिवसाआड संबंध ठेवणे ही साधी पद्धत अशा अनिश्चित चक्रांत सर्वांत कमी ताण देणारी आहे, असे माझे मत आहे.

बीज खरोखर सुटले का हे पाहायचे असेल तर रक्तातील प्रोजेस्टेरॉन, म्हणजे बीज सुटल्यावर वाढणारे संप्रेरक, तपासतात. ही तपासणी २१ व्या दिवशी करण्याची प्रथा २८ दिवसांच्या चक्रासाठी आहे; चक्र ३५ दिवसांचे असेल तर तोच २१ वा दिवस निरर्थक ठरतो. बीज सुटल्याच्या अंदाजानंतर साधारण ७ दिवसांनी रक्त द्यावे.

प्रोलॅक्टिन पाजणाऱ्या आईमध्ये वाढलेले असणारच. तो आकडा पाहून घाबरू नये, आणि केवळ त्यावर प्रोलॅक्टिन कमी करणारे औषध सुरू करू नये, कारण त्याने दूध आटते. त्यापेक्षा टीएसएच ही थायरॉइडची तपासणी अवश्य करा. प्रसूतीनंतरच्या वर्षात थायरॉइडचे विकार वारंवार आढळतात, त्यांनी चक्र बिघडते, आणि त्यावरची थायरॉक्सिनची गोळी पाजतानाही चालते. दूध वाढावे म्हणून कोणी डोम्पेरिडोन सुरू केले असेल आणि ते तसेच चालू राहिले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा; ते औषध प्रोलॅक्टिन वाढवूनच काम करते.

वयाविषयी स्पष्ट लिहितो. ३५ च्या आत वर्षभर आणि ३५ नंतर ६ महिने प्रयत्न करूनही दिवस न राहिल्यास तपासण्या सुरू कराव्यात, असा सर्वसाधारण नियम आहे. आपल्याला दूध तोडण्याची घाई नाही, परंतु वर्षभर नुसते थांबणेही मी सुचवणार नाही.

पारिजात

मी थोडे वेगळे लिहीत आहे, आणि ते कोणाला दूध तोडण्याचा आग्रह म्हणून वाचले जाऊ नये. माझे वय ३८ होते, मोठा मुलगा दोन वर्षांचा होऊन गेला होता, आणि पाळी नियमित असूनही दिवस राहत नव्हते. पुढे आयव्हीएफचा निर्णय झाला. तेथे औषधे सुरू होण्यापूर्वी दूध पूर्ण थांबवण्यास सांगितले गेले आणि मी ते मान्य केले. बीज वाढवण्यासाठी दिले जाणारे लेट्रोझोल पाजताना वापरू नये असे सांगतात, आणि क्लोमिफीनने दूध कमी होऊ शकते. उपचारांपर्यंत प्रकरण गेले की प्रश्नाचे स्वरूप बदलते. तेव्हा ‘तोडू नका’ असे सरसकट सांगणेही त्या बाईवर अन्याय करणारे ठरते.

मला त्या निर्णयाचा पश्चात्ताप नाही, पण दुःख झाले होते. जे मूल समोर आहे, ज्याला नाव आहे, जे हात पुढे करून मागते आहे, त्याच्याकडून काहीतरी काढून घ्यायचे, आणि तेही अजून नसलेल्या मुलासाठी! याविषयी कोणी बोलत नाही. दूध थांबल्यावर संप्रेरके उतरतात आणि काही दिवस मन विनाकारण खचते, हेही मला कोणी आधी सांगितले नव्हते. म्हणून ज्यांना थांबवावे लागेल त्यांनी ते काही आठवड्यांत, हळूहळू करावे आणि त्या काळात घरच्यांना सोबतीला घ्यावे.

सह्यकडा

मी वडील म्हणून लिहितो आहे. आमच्याकडे पूर्ण दूध न तोडता फक्त रात्रीचे पिणे बंद करायचे ठरले होते, आणि ते काम माझ्याकडे आले. काही रात्री मुलगा फार रडला. मी त्याला खांद्यावर घेऊन खोलीत फिरलो, पाणी दिले, थोपटले, आणि आठवड्याभरात तो माझ्याजवळ झोपू लागला. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी तो आईजवळ पीतच होता. पत्नीची पाळी त्यानंतर लवकरच वेळेवर येऊ लागली. हे दोघांनी करण्याचे काम आहे, असे मला वाटते, आणि गोदातीर यांच्या यजमानांनी ते स्वतःहून उचलावे.

आजोळ

सह्यकडा यांनी फार मोलाचे सांगितले. रात्रीचे पाजणे आधी कमी करावे हाच मधला मार्ग आहे, आणि डॉक्टरांनी वर समजावलेल्या कारणामुळे तो लागूही पडतो. त्याला जोडून एवढेच सांगते, की कडुनिंबाचा पाला वाटून लावणे, कारल्याचा रस चोळणे किंवा मुलाला आठवडाभर मामाकडे धाडून देणे, हे जुने उपाय करू नयेत. मूल घाबरते, आणि एकदम थांबवल्याने आईच्या छातीत गाठी होऊन ताप येतो. गळू झालेल्या बायका मी पाहिल्या आहेत. एक वेळचे पाजणे बंद करावे, चारपाच दिवस जाऊ द्यावेत, छाती हलकी झाली की मग दुसऱ्या वेळेला हात लावावा.

मेपलची सावली

मी टोरांटोला असते. दुसऱ्या गरोदरपणात मी मोठ्या मुलीला शेवटपर्यंत पाजले आणि नंतर दोघींनाही पाजले, म्हणून पुढच्या टप्प्याविषयी लिहिते. ‘दिवस राहिल्यावर काय’ हा प्रश्न धाग्यात अजून आलेला नाही.

चोखण्याने ऑक्सिटोसिन स्रवते आणि त्याने गर्भाशय आकुंचन पावते, म्हणून गर्भ पडेल, अशी भीती मलाही घातली गेली होती. माझ्या सुईणबाईंनी समजावले, की गर्भाशयात ऑक्सिटोसिनला प्रतिसाद देणारी ग्राहके सुरुवातीच्या महिन्यांत थोडी असतात आणि ती प्रसूती जवळ येताना वाढतात, त्यामुळे निरोगी गरोदरपणात पाजणे सामान्यतः चालू ठेवता येते. मात्र आधी अकाली प्रसूती झाली असेल, रक्तस्राव होत असेल, जुळी असतील किंवा डॉक्टरांनी संबंध टाळायला सांगितले असतील, तर पाजण्याविषयीही स्पष्ट विचारून घ्यावे. अमेरिकेतील एका सर्वेक्षणावर आधारलेला २०१९ चा अभ्यास मी वाचला होता. त्यात केवळ अंगावरच्या दुधावर असलेले तान्हे मूल पीत असताना राहिलेल्या गर्भांत गर्भपाताचे प्रमाण अधिक दिसले होते. वरचे अन्न खाणाऱ्या मुलांच्या मातांमध्ये तसे आढळले नव्हते.

प्रत्यक्ष अनुभव असा, की पहिल्या तिमाहीत स्तनाग्रे इतकी हुळहुळी झाली की पाजताना दात आवळून बसावे लागे, आणि कधी कधी तिला दूर ढकलावेसे वाटे. तसे वाटणे हा प्रेमाचा अभाव नाही. अनेक जणींना तसे होते. मध्यावर दूध फार कमी झाले, कारण प्रोजेस्टेरॉन वाढलेले असते, आणि त्याची चवही थोडी खारट होते. पुष्कळ मुले या टप्प्यावर आपण होऊनच सोडतात. गोदातीर, तुमच्या मुलीचेही तसेच होऊ शकेल, आणि मग आज ज्यासाठी तुम्ही इतक्या व्याकुळ आहात ते तिच्या गतीने होऊन जाईल.

दोन बाळंतपणांतील अंतराविषयीही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ च्या विचारविनिमयानंतर एका प्रसूतीनंतर पुढचे दिवस राहण्यापूर्वी किमान २४ महिने जाऊ द्यावेत असे सुचवले आहे. ब्रिटिश कोलंबियातील जवळपास दीड लाख प्रसूतींच्या २०१८ च्या अभ्यासात १२ ते १८ महिन्यांचे अंतर पुरेसे दिसले, आणि ३५ च्या पुढच्या मातांमध्ये ६ महिन्यांसारखे फार थोडे अंतर त्यांच्या स्वतःच्या जिवाला अधिक धोक्याचे आढळले. तुमचे अंतर त्या धोक्याच्या सीमेपासून दूर आहे. ज्यांचे पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले आहे त्यांनी मात्र टाक्यांचा विचार करून अंतर डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

गोदातीर

हिमोग्लोबिन १०.४ आले आहे, म्हणजे कमी आहे. टीएसएच ठीक आहे. लोहाच्या गोळ्या आणि फॉलिक अॅसिड दोन्ही सुरू केले. नवीन डॉक्टरांना मी येथील मुद्दे लिहून नेऊन दाखवले. त्यांनी पाळीच्या नोंदी ठेवायला सांगितल्या, रात्रीचे पाजणे कमी करायला हरकत नाही म्हणाल्या, आणि लोहाची कमतरता भरून निघेपर्यंत दोनतीन महिने थांबून मग प्रयत्न सुरू करावेत असे सुचवले. दूध तोडा असे त्या म्हणाल्या नाहीत. यजमानांनी रात्रीचे काम स्वीकारले आहे, आणि झोपवण्याची गोष्ट सासूबाई सांगणार आहेत. संध्याकाळचे आणि पहाटेचे पाजणे मी चालू ठेवते आहे. सहा महिन्यांत काही झाले नाही तर तपासण्या करायच्या, हेही आताच ठरवून ठेवले आहे.

एकच विचारायचे राहिले. पुढे दोघांनाही पाजायची वेळ आली, तर आधी कोणाला घ्यायचे?

मेपलची सावली

पहिले काही दिवस नेहमी तान्ह्याला आधी. प्रसूतीनंतरचे चीक-दूध थोडे असते आणि त्याची गरज नवजात बाळालाच आहे. मोठीने त्यानंतर घ्यावे. दूध उतरल्यावर, म्हणजे साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर, पान्हा मागणीप्रमाणे वाढतो आणि मग एवढी काटेकोर शिस्त लागत नाही. तान्ह्याचे वजन वाढते आहे आणि लंगोट पुरेसे ओले होत आहेत, एवढे मात्र पाहत राहा.

वाटसरू

वरील माहितीशी सहमत आहे. लोहाची गोळी चहा किंवा दुधासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. आणि कॅल्शियमची गोळी चालू असेल तर दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवा. साधारण महिन्याभराने हिमोग्लोबिन पुन्हा तपासून आकडा येथे कळवला तर आवडेल.